कानामागून गेलेली दुर्बीण

आमच्या धारूर-केजकडच्या गावांत 'दुर्बीण' या शब्दाचा आकाशातल्या ताऱ्यांशी काही संबंध नाही. 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं की डोळ्यांसमोर बाईचं पोट येतं. कुटुंबनियोजनाच्या शिबिरातून दुर्बिणीनं ऑपरेशन करून आलेल्या बाया, दोन दिवस बाजेवर पडून, तिसऱ्या दिवशी पुन्हा कामाला. म्हणून २०१९ साली पुण्यातल्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी माझ्या आत्याला सांगितलं, "मावशी, कानामागून दुर्बीण घालून बघू," तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता डोस्क्यात बी दुर्बीण?" आणि त्यानंतर दोन दिवस त्या विषयावर बोललीच नाही.

त्या दोन दिवसांत मी मोबाईलवर वाचत बसलो. डोक्यात दुर्बीण घालायची कल्पना कुणाला सुचली, कधी, आणि तिथं नेमकं बघायचं काय असतं? तेव्हा सुरू झालेलं ते वाचन अजून थांबलेलं नाही. हा लेख त्यातूनच आला आहे.

चार दात

आत्याचं दुखणं २०१३ च्या आसपास सुरू झालं. डाव्या गालात, दाताच्या मुळाशी, अचानक करंट बसल्यासारखी कळ. काही सेकंदच, पण त्या सेकंदांत हातातला घास खाली पडायचा. तोंड धुताना, बोलताना, थंडीत वारा लागला तरी. ती डाव्या बाजूला पदर ओढून बसायची. फोन कायम उजव्या कानाला.

दाताचं दुखणं म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेलं. एक दात काढला. महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरा काढला, तिसरा काढला. चौथा काढला तेव्हा ती म्हणाली, "आता दुखायला दातच ऱ्हायला न्हाई, तरी दुखायलंय."

तिच्या एकटीचीच ही कथा नाही. या आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या पाचव्या नसेचं हे दुखणं. या आजाराचे कितीतरी रोगी आधी दात गमावतात आणि मग खऱ्या कारणापर्यंत पोचतात. कळ दातात जाणवते, पण तिचं मूळ कानाच्या मागं, कवटीच्या आत खोल असतं.

आम्हाला हे कळलं ते अंबाजोगाईला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तिथं १९७० च्या दशकात उभं राहिलं. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं मेडिकल कॉलेज, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. निजामाच्या काळात याच गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथल्या योगेश्वरी शाळेत स्वामीजी शिकवत होते. आमच्यासाठी मात्र अंबाजोगाई म्हणजे सरकारी दवाखाना. कान दुखतो म्हणून आत्याला कान-नाक-घसा विभागात दाखवलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरताईंनी बारीक दुर्बीण कानात घालून पडदा बघितला, तो ठणठणीत निघाला. मग त्यांनी कापसाचं टोक आत्याच्या गालावर हळूच फिरवलं. आत्या किंचाळली. "मावशी, हे दाताचं नाही, कानाचंही नाही, नसेचं आहे," त्या म्हणाल्या आणि कार्बामाझेपिनच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढं एमआरआय करून पुण्याला दाखवा, असंही सांगितलं.

गोळ्यांनी दोन वर्षं ढकलली. मग डोस वाढत गेला, तशी गुंगी वाढली. चालताना झोक जायला लागला. फडावर, उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या बाईला झोक जाणं परवडत नाही.

तो कोपरा

आता नकाशा समजून घेऊ. कानाच्या मागं जे हाड हाताला लागतं, त्याच्या थोडं मागून आत गेलं तर पुढं येतो लहान मेंदू. तो अलगद बाजूला झाला की एक अरुंद, पाण्यानं भरलेली जागा दिसते. एका बाजूला लहान मेंदू, दुसऱ्या बाजूला मेंदूस्तंभ, तिसऱ्या बाजूला कवटीचं दगडासारखं कठीण हाड. डॉक्टर या जागेला सेरेबेलोपॉन्टाइन अँगल म्हणतात. आपण कोपरा म्हणू.

मेंदूस्तंभ म्हणजे श्वास, हृदयाचे ठोके आणि जाग सांभाळणारा भाग. त्याच्यातून निघालेल्या नसा या कोपऱ्यातून आडव्या जातात. वर पाचवी नस, चेहऱ्याच्या संवेदनेची. मधे सातवी आणि आठवी, एकमेकींना चिकटून. सातवी चेहरा हलवते, आठवी ऐकू आणते आणि तोल सांभाळते. खाली नववी, दहावी, अकरावी, म्हणजे गिळणं, आवाज, खांदा. अंगठ्याएवढ्या जागेत माणसाचं हसणं, ऐकणं, गिळणं आणि उभं राहणं असं सगळं शेजारी शेजारी. शिवाय मधून रक्तवाहिन्या वळसे घेत जातात.

पाचव्या नसेच्या मुळाशी एखादी धमनी टेकली आणि वर्षानुवर्षं प्रत्येक ठोक्याला तिथं घासत राहिली, की नसेवरचं आवरण झिजतं. मग साधा स्पर्शसुद्धा विजेसारखा धावतो. आत्याच्या एमआरआयमध्ये असाच एक वळसा दिसत होता.

आधी बोट

या कोपऱ्यात माणूस पहिल्यांदा शिरला तो डोळ्यानं नाही, बोटानं. १८९४ मध्ये लंडनच्या चार्ल्स बॅलन्स या सर्जननं एका बाईच्या डोक्यातल्या या कोपऱ्यातली गाठ काढली. गाठ आणि मेंदूस्तंभ यांच्यामधे बोट सरकवून ती मोकळी करावी लागली. बाई जगली, ही त्या काळातली मोठीच गोष्ट. पण चेहऱ्याची ती बाजू लुळी आणि बधिर झाली आणि पुढं तो डोळाही काढावा लागला.

त्यानंतरची काही वर्षं भीषण होती. आठव्या नसेवरच्या गाठीचं ऑपरेशन करणाऱ्या युरोपातल्या मोठमोठ्या सर्जनांच्या हातूनही निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. अमेरिकेच्या हार्वे कुशिंगनं १९१७ मध्ये या गाठींवर अख्खं पुस्तक लिहिलं. गाठ पूर्ण काढायची नाही, आतून पोखरून लहान करायची, असा त्याचा संयमी मार्ग होता. त्यानं मृत्यू खूप कमी झाले, पण उरलेली गाठ पुन्हा वाढायची. त्याचाच एके काळचा सहकारी वॉल्टर डँडी पूर्ण गाठ काढायला लागला. दोघांचं पटलं नाही आणि त्यांचं वैर वैद्यकाच्या इतिहासात गाजलं.

आमच्या आत्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे तो डँडी. तो चेहऱ्याच्या कळेसाठी कानामागून आत जाऊन पाचवी नस अर्धवट कापायचा. हे करता करता त्याच्या लक्षात आलं की बऱ्याच रुग्णांत नसेला एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. १९३४ मध्ये त्यानं ते लिहून ठेवलं. पण साध्या डोळ्यांनी, मिणमिणत्या उजेडात पाहिलेल्या गोष्टीवर फार कुणी विश्वास ठेवला नाही.

मग डोळा

विश्वास बसायला मायक्रोस्कोप यावा लागला. त्यातही गंमत अशी की मेंदूवाल्यांच्या कितीतरी आधी, १९२१ पासून, तो कानाच्या डॉक्टरांनी वापरला होता. मेंदूच्या ऑपरेशनात तो पोचायला १९५७ उजाडलं. लॉस एंजेलिसला थिओडोर कुर्झनं तो वापरला. त्याच शहरातला विल्यम हाऊस हा आधी दंतवैद्य, मग कानाचा सर्जन. त्यानं १९६० च्या दशकात मायक्रोस्कोप आणि बारीक ड्रिल घेऊन थेट कानाच्या आतल्या हाडातून गाठीपर्यंत वाट काढली. चेहऱ्याची नस वाचायला लागली. पण या वाटेवर आतला कानच पोखरावा लागत असल्यामुळं त्या बाजूचं ऐकणं जायचं.

त्याच दशकात, त्याच शहरात, पीटर जॅनेटा नावाचा एक तरुण सर्जन दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी मृतदेहातल्या नसांचं विच्छेदन तयार करत होता. मायक्रोस्कोपखाली त्याला पाचव्या नसेला टेकलेली धमनी स्वच्छ दिसली. डँडी बरोबर होता. जॅनेटाला सुचलेला उपाय साधा होता. नस कापायची नाही. धमनी अलगद बाजूला करायची आणि दोघींच्या मधे एक छोटी उशी ठेवायची. पुढं ती उशी टेफ्लॉनच्या धाग्यांची झाली. भांडणाऱ्या दोन जावांच्या मधे भिंत घालावी, तसं. घर मोडायचं नाही.

सुरुवातीला त्याला खूप विरोध झाला. पण १९९६ मध्ये त्याच्या गटानं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हजारावर रुग्णांचा लेखाजोखा मांडला. दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के लोक गोळ्यांशिवाय कळमुक्त होते. त्यानंतर वाद बराचसा मिटला.

दाताच्या नावानं सुरू झालेलं आत्याचं दुखणं आणि या शोधाच्या वाटेवर भेटणारे दंतवैद्य, हा निव्वळ योगायोग. पण वाचताना मला तो गालातल्या कळेसारखाच बसला.

शेवटी नळी

मायक्रोस्कोपची एक अडचण आहे. तो सरळ रेषेत बघतो. डोळा बाहेर असतो, उजेड बाहेरून येतो. मधे हाडाचा उंचवटा आला किंवा नस वळून मागं गेली, की तिथं अंधार. मग बघण्यासाठी लहान मेंदू आणखी ओढावा लागतो. ओढला की शेजारची आठवी नस ताणली जाते आणि चेहऱ्याच्या दुखण्यासाठी आलेला माणूस बहिरा होऊन घरी जाऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे डोळाच आत न्यायचा. हे स्वप्न जुनं आहे. १८०६ मध्ये फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनीनं मेणबत्तीच्या उजेडावर चालणारं शरीरात डोकावायचं यंत्र केलं. १९१० मध्ये शिकागोच्या लेस्पिनास या मूत्ररोगतज्ज्ञानं मूत्राशय बघायची दुर्बीण दोन बाळांच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत घातली. एक बाळ वाचलं. या कोपऱ्यात दुर्बीण नेण्याची पहिली लेखी नोंद फ्रान्सच्या यूजीन डोयेनच्या नावावर आहे. तो गेल्यावर १९१७ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात दुर्बिणीनं पाचवी नस गाठण्याचं वर्णन आहे. हा डोयेन भलताच खटपट्या माणूस. ऑपरेशनचं चित्रीकरण करणाऱ्या पहिल्या सर्जनांपैकी एक. १९०२ मध्ये त्यानं राडिका आणि डूडिका या ओडिशातल्या जोडलेल्या बहिणींना वेगळं केलं, तेही कॅमेऱ्यासमोर. डूडिका काही दिवसांतच गेली, राडिका पुढच्या वर्षी. बघणं आणि दाखवणं यांतला फरक या माणसाला कळत होता का, हा प्रश्न मला अजून पडतो.

डोयेनची कल्पना पन्नास-साठ वर्षं पडून राहिली, कारण नळीतून नीट दिसतच नव्हतं. ते दिसायला लागलं इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्समुळं. १९५४ मध्ये त्यानं पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी या आपल्या विद्यार्थ्यासोबत काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडं पाठवून दाखवलं. १९५९ च्या सुमाराला त्यानं आणखी एक सोपी, अफाट युक्ती केली. जुन्या दुर्बिणीत नळीभर हवा आणि मधे मधे काचेची भिंगं असत. त्यानं उलटं केलं. नळीभर काचेच्या कांड्या आणि मधे हवेच्या पातळ फटी. उजेड कैक पटींनी वाढला. ब्रिटिश कंपन्यांनी लक्ष दिलं नाही. जर्मनीच्या कार्ल श्टोर्त्सनं ती कल्पना उचलली आणि बाजारात आणली.

१९७० च्या दशकात जर्मन डॉक्टरांनी कानाच्या हाडातून या कोपऱ्यात दुर्बीण घातली. १९९० च्या दशकात मार्सेलचा जाक मान्यां आणि माइन्त्सचा आक्सेल पेर्नेत्स्की यांनी ती मायक्रोस्कोपच्या जोडीला रुळवली. आता चार मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक दुर्बीण मिळते. तिचं टोक ३० किंवा ७० अंशांत तिरकं असतं, त्यामुळं कोपऱ्यापलीकडचं दिसतं. आठव्या नसेवरची गाठ काढताना कानाच्या बोगद्याच्या तळाशी तुकडा राहिला का, धमनीचा दुसरा वळसा नसेमागं लपलाय का, हे तीच सांगते.

पण दुर्बिणीलाही मर्यादा आहेत. ती फक्त पुढं बघते. तिची दांडी मागं कुठल्या नसेला टेकली, हे तिला दिसत नाही. टोकाचा उजेड तापतो, म्हणून नसेजवळ फार वेळ धरता येत नाही आणि सतत पाणी सोडावं लागतं. रक्ताचा एक थेंब भिंगावर आला की सगळं लाल. आणि कळ जाण्याच्या बाबतीत निव्वळ दुर्बीण निव्वळ मायक्रोस्कोपपेक्षा फार सरस, असं छातीठोक म्हणता येत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी हे सगळं आम्हाला कागदावर चित्र काढून सांगितलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला.

पिशवी

आत्याला मात्र वाटला नाही. त्याला कारण होतं.

बत्तिसाव्या वर्षी तिच्या पोटात दुखत होतं, अंगावरून पांढरं जात होतं. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. चार दिवसांत पिशवी काढली. उचल फेडायची होती म्हणून दोन महिन्यांत ती पुन्हा कारखान्यावर. त्यानंतर तिची कंबर कधी सरळ झाली नाही.

ज्या वर्षी आम्ही पुण्याला गेलो, त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी देशभर झाली. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. मी ती बातमी आत्याला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मोजायला आलते व्हय? काढायच्या आधी यायचं की."

अशा बाईला मी सांगत होतो की आता डोक्यात दुर्बीण घालू दे.

तिसऱ्या दिवशी तीच डॉक्टरांसमोर बसली. "साहेब, काय काढनार तुमी?"

"काहीच काढणार नाही, मावशी. दोन नसा भांडतायत, त्यांच्यामधे कापूस ठेवणार."

"कायीच न्हाई काढनार?"

"काही नाही. पण ऐकू येणारी नस शेजारीच आहे. शंभरातल्या काही जणांचं त्या कानाचं ऐकणं कमी होतं. क्वचित त्याहून वाईटही होतं. ते होणारच नाही, असं मी म्हणणार नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ह्यो माणूस खरं बोलायलाय. करा."

पैशासाठी चुलतभावानं आणि वहिनीनं मुकादमाकडून उचल घेतली. एक कोयता, पुढचा अख्खा हंगाम. आत्याला हे आम्ही नंतर सांगितलं.

बत्तीस सेकंद

ऑपरेशन चार तास चाललं. कानामागं रुपयाच्या नाण्याएवढं छिद्र. आत्याच्या डाव्या कानात सतत टकटक आवाज सोडला होता आणि मेंदूस्तंभ त्याला उत्तर देतोय का, हे पडद्यावर बघत होते. उत्तर मंदावलं की हात थांबवायचा. भूल दिलेल्या बाईला पुन्हा पुन्हा विचारायचं, ऐकू येतंय ना?

मायक्रोस्कोपनं एक वळसा सापडला, तो बाजूला केला. मग तिरक्या दुर्बिणीनं मागं बघितलं, तर आणखी एक बारीक फांदी नसेला टेकलेली. तिथंही कापूस गेला.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा स्वतःचा डावा गाल चाचपला. मग जोरात दाबला. मग पदर तोंडाला लावून रडली. कान महिनाभर गुणगुणत होता. बारीक, चिरका आवाज त्या कानाला अजून थोडा कमी येतो. मोबाईलची रिंग ऐकू येते.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या फोनवर बत्तीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. दुर्बिणीनं घेतलेला. मोत्यासारखी पांढरी नस, तिच्यामागं धडधडणारा लाल दोरा, मग चिमटा, मग कापूस.

एसटीत, मांजरसुंब्याचा घाट चढताना, आत्यानं तो बघायला मागितला. मला वाटलं घाबरेल. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला आणि चार वेळा बघितला. "ही माझी नस?"

"हो."

"आन ह्यो दुसरा, मागं लपलेला, दुर्बिणीनं घावला?"

"हो."

बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. वारा डाव्या गालावर येत होता. तिनं पदर ओढला नव्हता.

"पिशवी काढली तवा असं काय दावलं न्हवतं बघ," ती म्हणाली. "आत काय हुतं, काय न्हवतं. नुसतं म्हनले खराब हाय."

तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्या दिवाळीनंतर चुलतभाऊ आणि वहिनी उचल फेडायला कर्नाटकातल्या कारखान्यावर गेले. आत्या घरी राहून त्यांची लेकरं सांभाळत होती. रोज रात्री फोन करायची. आता ती फोन डाव्या कानाला धरते, आणि आवाज जरा मोठा ठेवते.